दिवा गेला की होल्डर गेला?

छतातला एखादा दिवा लुकलुकू लागतो, मंद होतो आणि एके दिवशी विझतो. घरातले कोणी म्हणते, "बल्ब गेला." नवा बल्ब आणून लावतात. महिना-दोन महिने बरे चालते, आणि पुन्हा तीच रड. शेजारचे दिवे मात्र वर्षानुवर्षे जळत असतात. एकाच दुकानातले, एकाच कंपनीचे बल्ब. मग एकाच जागचा बल्ब पुन्हा पुन्हा का जावा? अशा वेळी दोष बहुधा बल्बचा नसतो, तर तो ज्यात बसवला आहे त्या होल्डरचा असतो. होल्डर ही चार-दोन रुपयांची क्षुल्लक वस्तू वाटते. पण तिच्यात ओहमचा नियम, ज्यूलचा नियम, उष्णतेचे वहन आणि धातूंचे रसायन असे तुमच्या पाठ्यपुस्तकातले निम्मे-अधिक धडे एकत्र आलेले असतात. शिवाय बिघडलेला होल्डर तसाच ठेवला तर आग लागण्याचा संभव असतो. तेव्हा हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

होल्डरची घडण

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतो तो दोन कानांचा होल्डर. बल्बच्या पितळी टोपीच्या बाजूंना दोन बारीक खिळ्या असतात. बल्ब आत दाबून किंचित फिरवला की त्या खाचेत अडकतात. टोपीचा व्यास २२ मिलिमीटर असतो, म्हणून या प्रकाराला बी-२२ म्हणतात. ही पद्धत इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली. अमेरिकेत एडिसनच्या नावाचा आट्यांचा होल्डर रूढ झाला. त्यातला ई-२७ हा २७ मिलिमीटर व्यासाचा प्रकार आता आपल्याकडेही मिळतो. छतात बसवायच्या लहान स्पॉटलाइटना टोपी नसून दोन पिना असतात. १२ व्होल्टच्या दिव्यांच्या पिनांतले अंतर ५.३ मिलिमीटर असते, तर २३० व्होल्टच्या जीयू-१० या प्रकारात ते १० मिलिमीटर असते.

घडण कोणतीही असो, तत्त्व एकच. एक धातू दुसऱ्या धातूवर टेकवायचा आणि तो तसाच टेकलेला राहावा म्हणून स्प्रिंगचा रेटा द्यायचा. बी-२२ होल्डरमध्ये दोन पितळी खुंट्या स्प्रिंगच्या जोराने बल्बच्या बुडाशी असलेल्या डाखाच्या दोन ठिपक्यांवर दाबल्या जातात. ट्रॅक लाइटमध्ये ॲल्युमिनियमच्या लांब पन्हळीत तांब्याच्या पट्ट्या असतात आणि दिव्याच्या अडॅप्टरची स्प्रिंगदार जीभ त्यांवर टेकते. सारी मदार या टेकण्यावर.

टेकणे म्हणजे किती टेकणे?

दोन गुळगुळीत पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की त्या सर्व पृष्ठभागावर एकमेकींना भिडतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली अत्यंत गुळगुळीत धातूही सह्याद्रीच्या नकाशासारखा दिसतो. सगळीकडे शिखरे आणि दऱ्या. म्हणून पट्ट्या टेकतात त्या केवळ शिखरांवर. केंब्रिज येथे बाऊडन आणि टेबर या दोघा शास्त्रज्ञांनी १९३९ साली संपर्काचा विद्युत् रोध मोजून हे दाखवून दिले की, खरे संपर्कक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राच्या मानाने फारच थोडे असते आणि ते रेट्याबरोबर वाढते. याचे कारण सोपे आहे. शिखरांवर भार पडला की ती चेपली जातात. भार पेलण्याइतके क्षेत्र तयार झाले की चेपणे थांबते. म्हणजे

खरे संपर्कक्षेत्र = रेटा ÷ धातूची कठिनता

एक उदाहरण करून पाहू. स्प्रिंगचा रेटा ५ न्यूटन धरा आणि पितळेची कठिनता दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन. मग खरे संपर्कक्षेत्र आले ५ ÷ १००० = ०.००५ चौरस मिलिमीटर. टेकणारा भाग डोळ्यांना ४ चौरस मिलिमीटरचा दिसत असला, तरी वीज जाते ती त्याच्या केवळ ८०० व्या भागातून! रुंद रस्त्यावरची सारी वाहने एका अरुंद पुलावरून जावीत तसा हा प्रकार आहे. या चिंचोळ्या वाटेमुळे जो जादा रोध निर्माण होतो, त्याला संपर्क-रोध म्हणतात.

नावड्याची हवा आणि चिंचेचा कोळ

दिवा-पनवेल लोहमार्गावर नावडे रोड नावाचे स्थानक आहे. जुने नावडे गाव, सिडकोच्या आखणीनुसार उभ्या राहिलेल्या इमारती आणि शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत असा हा परिसर. खाडीही फार लांब नाही. पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की मीठ पाझरते आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते. पितळेवर आणि तांब्यावर अशा हवेचा काय परिणाम होतो, हे तुमच्या आजीला विचारा. देवघरातली समई आठवड्यात काळवंडते आणि चिंचेच्या कोळाने घासली की पुन्हा लखलखते. काळवंडणे म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसणे. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखा गंधकयुक्त वायू अल्पांशाने जरी असला, तरी त्या जोडीला काळ्या सल्फाइडचा थर बसतो. खाऱ्या ओलाव्यामुळे गंजण्याची क्रिया अधिकच वेगाने होते.

समईवरचा थर केवळ दिसायला वाईट. होल्डरमधला थर मात्र विजेला आडवा येतो, कारण तांब्याचे ऑक्साइड तांब्याच्या मानाने फारच दुर्वाहक असते. म्हणूनच चांगल्या होल्डरच्या संपर्कांवर निकेलचा मुलामा देतात. आपल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात, त्याचाच हा दूरचा भाऊ समजा.

दुष्टचक्र

आता खरी गंमत पुढे आहे. ज्यूलच्या नियमानुसार रोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते:

दर सेकंदाची उष्णता = प्रवाहाचा वर्ग × रोध

संपर्क-रोध थोडा वाढला की संपर्काची जागा थोडी तापते. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर अधिक वेगाने चढतो. त्यामुळे रोध आणखी वाढतो आणि जागा आणखी तापते. एवढ्यावर भागत नाही. लोहार कोयत्याला पाणी देतो. तोच कोयता विस्तवात पडून राहिला तर त्याचे पाणी उतरते, हे तुम्ही ऐकले असेल. स्प्रिंगचेही तसेच. वारंवार तापून तिचे पाणी उतरते, ती ढिली पडते आणि रेटा कमी होतो. रेटा निम्मा झाला की खरे संपर्कक्षेत्रही निम्मे होते, हे वरच्या सूत्रावरून उघड आहे. म्हणजे ताप वाढवतो रोध आणि रोध वाढवतो ताप. असे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

बल्बच्या बुडाशी असलेल्या डाखाच्या ठिपक्यांवरही या साऱ्याची खूण उमटते. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. काढलेल्या बल्बच्या ठिपक्यांना खळगा पडलेला, ते काळे झालेले किंवा ओघळलेले दिसले, तर होल्डर निकामी झाला आहे असे खुशाल समजावे.

बारा व्होल्टचा दिवा अधिक तापतो तो का?

पुष्कळांची समजूत अशी की १२ व्होल्टचा दिवा म्हणजे निर्धोक. झटका बसण्याच्या दृष्टीने ते बरेचसे खरे आहे. होल्डरच्या दृष्टीने मात्र नेमके उलट असते. ५० वॅटचे दोन दिवे घ्या, एक २३० व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा हॅलोजन. शक्ती = विद्युत्‌दाब × प्रवाह, म्हणून

२३० व्होल्टच्या दिव्याचा प्रवाह = ५० ÷ २३० = ०.२२ अँपिअर
१२ व्होल्टच्या दिव्याचा प्रवाह = ५० ÷ १२ = ४.१७ अँपिअर

प्रवाह सुमारे १९ पट. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने, संपर्क-रोध तेवढाच असताना उष्णता सुमारे ३६७ पट!

१२ व्होल्टच्या या दिव्याचा रोध १२ ÷ ४.१७ = २.८८ ओहम येतो. संपर्क-रोध त्याच्याशी एकसरीत असतो. दिव्याचा रोध स्थिर राहतो असे सोयीसाठी मानले, तर हिशेब असा होतो:

संपर्क-रोध ०.०२ ओहम : प्रवाह ४.१४ अँपिअर, होल्डरमध्ये ०.३४ वॅट
संपर्क-रोध ०.१ ओहम : प्रवाह ४.०३ अँपिअर, होल्डरमध्ये १.६ वॅट
संपर्क-रोध ०.५ ओहम : प्रवाह ३.५५ अँपिअर, होल्डरमध्ये ६.३ वॅट
संपर्क-रोध १ ओहम : प्रवाह ३.०९ अँपिअर, होल्डरमध्ये ९.६ वॅट
संपर्क-रोध २.८८ ओहम : प्रवाह २.०८ अँपिअर, होल्डरमध्ये १२.५ वॅट

शेवटच्या ओळीत संपर्क-रोध दिव्याच्या रोधाइतकाच झाला आहे. होल्डरमध्ये निर्माण होणारी उष्णता याच वेळी सर्वांत जास्त असते. हे तुम्ही बीजगणिताने स्वतः सिद्ध करून पाहा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. त्याच्या निम्मी शक्ती बोटाच्या पेराएवढ्या होल्डरमध्ये तासन्‌तास मुरत राहिली तर काय होईल, याची कल्पना करा.

छतातला खळगा

उघड्यावर लोंबणाऱ्या बल्बभोवतीची हवा तापून वर जाते आणि खालून थंड हवा येते. हे अभिसरण फुकटच्या पंख्याचे काम करते. पीओपीच्या छतात दिवा बसवला की हे अभिसरण खुंटते. गरम हवा वर जाऊन वरच्या पोकळीतच कोंडते, आणि होल्डर नेमका तेथेच असतो. तारेच्या बल्बमध्ये विजेचा सुमारे ९० ते ९५ टक्के भाग उष्णतेतच जातो, हेही येथे ध्यानात ठेवा.

हॅलोजन स्पॉटलाइटच्या काचेच्या परावर्तकात आणखी एक मेख आहे. त्यावर पातळ थरांचा असा लेप असतो की, दृश्य प्रकाश पुढे परावर्तित होतो आणि अवरक्त किरणांचा मोठा भाग काचेतून मागे निघून जातो. दुकानातल्या साड्या किंवा भिंतीवरची चित्रे तापू नयेत म्हणून ही युक्ती योजली. पण मागे गेलेली ती उष्णता होल्डरच्या माथी बसते! म्हणून या दिव्यांना चिनी मातीचे होल्डर आणि उष्णता सोसणारी काचतंतूंची किंवा सिलिकोनची नळी घातलेल्या तारा लागतात. घरातल्या नेहमीच्या वायरवरचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत सतत टिकेल अशा बेताने बनवलेले असते. त्याहून अधिक उष्णतेत ते कडक होऊन तडकते आणि आतले तांबे उघडे पडते.

जुन्या काळ्या-तपकिरी होल्डरचे बेकेलाइट १९०७ साली लिओ बेकलंड याने तयार केले. ते वितळत नाही हा त्याचा गुण. पण फार तापले तर ते कोळपते, आणि कोळसा विजेचा वाहक असल्याने निरोधकाच्या अंगावरच विजेला वाट सापडते. तापलेल्या अशा भागांना मासळीसारखा उग्र वास येतो. घरात मासळी शिजत नसताना छताजवळ किंवा स्विचच्या फळीजवळ असा वास आला, तर त्याकडे कधीही दुर्लक्ष करू नये. जिप्सम स्वतः पेट घेत नाही. पण वरच्या पोकळीतली लाकडी चौकट, वायरींची आवरणे, धूळ आणि कोळिष्टके पेट घेतात.

फ्यूज गप्प का बसतो?

येथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. इतका ताप होत असताना फ्यूज किंवा एमसीबी बंद का पडत नाही? वरचा हिशेब पुन्हा पाहा. संपर्क-रोध जसा वाढला तसा प्रवाह ४.१४ वरून २.०८ अँपिअरवर, म्हणजे कमीच होत गेला. एमसीबी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तरच तुटतो. त्याच्या लेखी सारे काही उत्तम चालले आहे! आरसीसीबी नावाचे दुसरे उपकरण ३० मिलिअँपिअरसारखा थोडा प्रवाह जमिनीत गळाला तरी वीज तोडते. पण येथे गळतीही नाही. ढिल्या संपर्काचा दोष या दोन्ही पहारेकऱ्यांना दिसत नाही. तो आपल्या डोळ्यांनी आणि नाकानेच ओळखावा लागतो.

हे केवळ दिव्यांपुरते नाही. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या प्लगच्या पिनेशी ०.२ ओहम एवढाच संपर्क-रोध असला, तरी तेथे १५ वॅट उष्णता निर्माण होते. गीझरच्या किंवा इस्त्रीच्या प्लगची एखादी पिन काळी पडलेली दिसते, ती यामुळेच.

एलईडी आल्यावर

भारत सरकारची 'उजाला' योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि घरोघरी तारेच्या बल्बच्या जागी एलईडी आले. ७ वॅटचा एलईडी बल्ब अवघा काही शतांश अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे होल्डर प्रवाहाने तापण्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. पण पूर्वीच्या दिव्यांनी भाजलेला, स्प्रिंग ढिली झालेला जुना होल्डर तसाच ठेवून त्यात एलईडी लावला, तर तो लुकलुकतो. प्रत्येक लुकलुकीबरोबर आत बारीक ठिणगी पडते आणि बल्बमधल्या संधारित्रात प्रवाहाचा लोंढा शिरतो. अशाने बल्बचे आयुष्य घटते.

दुसरे असे की, एलईडी उष्णतेला फार नाजूक. त्याच्या आतल्या मंडलातील इलेक्ट्रोलिटिक संधारित्राचे आयुष्य तपमान १० अंशांनी वाढले की साधारणपणे निम्मे होते. म्हणून कोंडलेल्या खळग्यात, होल्डर निर्दोष असूनही, एलईडी लवकर जाऊ शकतो.

दोष कोणाचा?

शोध घेताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम घरीही लागू पडतो. वीज बंद करून, दिवे थंड झाल्यावर, दोन जागांचे सारखे बल्ब मोठ्या माणसाकडून आपसांत बदलून घ्या आणि काय होते ते पाहा.

बल्बबरोबर दोषही दुसऱ्या जागी गेला, तर बल्ब वाईट. दोष जुन्याच जागी राहिला, तर होल्डर, त्याच्या मागची जोडणी किंवा १२ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर यांपैकी एक वाईट. ट्रॅक लाइट काढून पुन्हा बसवल्यावर काही दिवस नीट चालला, तर संपर्कावरचा थर घासून निघाला एवढेच. रोग कायम आहे. हॅलोजन काढून १२ व्होल्टचे एलईडी लावल्यावर सगळेच दिवे एकदम लुकलुकू लागले, तर होल्डरला दोष देऊ नका. जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्स्फॉर्मरला ठरावीक किमान भार लागतो, आणि एलईडीचा भार त्याहून कमी पडतो.

कोणी कानशीने किंवा काचकागदाने होल्डर घासून देतात. त्याने निकेलचा मुलामा निघून जातो आणि उघडे पितळ आणखी लवकर काळवंडते. शिवाय ढिली स्प्रिंग घासून ताठ होत नाही. तेव्हा होल्डर बदलणे हाच उपाय.

होल्डर बदलताना

हे काम परवानाधारक वायरमनचे आहे. विद्यार्थ्यांनी ते करू नये. पण तो काय करतो आणि का करतो, हे समजून पाहायला हरकत नाही.

१. तो केवळ भिंतीवरचे बटण बंद करून थांबत नाही, एमसीबी बंद करतो. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर दिवा विझूनही होल्डरमध्ये २३० व्होल्ट असतात. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा लागतो, कारण मेन स्विच पाडल्यावर इन्व्हर्टर आपण होऊन वीज सुरू करतो.

२. टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चांगला आहे याची खात्री करतो आणि मग होल्डरवर लावतो. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही, किंवा टेस्टरच बिघडलेला आहे!

३. छतातली दिव्याची चौकट उतरवून वायर तपासतो. काळी पडलेली, कडक झालेली वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापतो. भाजलेल्या तांब्यावर नवा होल्डर जोडला तर दुष्टचक्र पहिल्या दिवसापासून सुरू होते.

४. नवा होल्डर त्याच मापाचा, आयएसआय चिन्हाचा आणि तापणाऱ्या दिव्यासाठी चिनी मातीचा घेतो. आट्यांचा होल्डर असेल तर फेज मधल्या संपर्काला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना जोडतो. बल्ब बदलताना बोट आट्यांना लागण्याचा संभव असतो, म्हणून ही काळजी.

५. तारांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळत नाही. चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये स्क्रू घट्ट पिळतो आणि प्रत्येक तार हलकेच ओढून पाहतो. कारण येथेही प्रश्न संपर्क-रोधाचाच आहे.

६. चौकटीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा दिवा लावत नाही आणि वायरी दिव्याच्या पाठीवर पडू देत नाही.

करून पाहा

हा प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर करा; घरातल्या विजेवर मुळीच नाही. साहित्य: दोन सेल, टॉर्चचा बल्ब, अँपिअरमापक, मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर, पितळेच्या दोन काळवंडलेल्या पट्ट्या, ५०, १०० व २०० ग्रॅमची वजने आणि चिंच.

पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर ठेवा. सेल, बल्ब, अँपिअरमापक आणि ही फुली एकसरीत जोडा. प्रवाहाच्या तारा पट्ट्यांच्या एका-एका टोकाला जोडा आणि मल्टिमीटरच्या तारा उरलेल्या दोन टोकांना जोडा. म्हणजे जोडतारांचा रोध मोजमापात मिसळणार नाही. फुलीवर क्रमाने वजने ठेवून विद्युत्‌दाब व प्रवाह नोंदवा. दाबाला प्रवाहाने भागले की संपर्क-रोध मिळतो. मग पट्ट्या चिंचेने घासून, धुऊन, कोरड्या करून सारे पुन्हा करा. दोन्ही वेळचे आलेख एकाच कागदावर काढा.

शिक्षकांनी वर्गाला पुढील प्रश्न विचारावेत. वजन वाढवल्यावर रोध कमी होतो. मग वजन काढून घेतल्यावर तो पूर्वीइतकाच होतो का? नसल्यास का? घासलेल्या पट्ट्या पावसाळ्यात आठवडाभर खिडकीत ठेवून पुन्हा मोजल्या तर आलेख कोणीकडे सरकेल? आणि घरातल्या कोणत्या प्लगची पिन सर्वांत आधी तपासावी, हे उपकरणांवर लिहिलेल्या वॅटवरून मुलांना सांगता येते का?